आकडा छापला, अटी गाळल्या

महोदय,

कालच्या अंकातली हायपरसॉनिक (आवाजाच्या पाचपटीहून जास्त वेगाच्या) चाचणीची बातमी वाचली. असल्या विषयाला पहिल्या पानावर जागा दिलीत, त्याबद्दल आभार. पण सीमास्तर (पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर) किती रेनॉल्ड्स संख्येला (वेग, लांबी आणि हवेची घनता-चिकटपणा यांवरून काढतात ती संख्या) टर्ब्युलंट, म्हणजे खळबळता, होतो याचा नुसता आकडा छापून काय उपयोग? विंड टनेल (मॉडेलवर हवेचा झोत सोडणारा बोगदा) कोणतं, चाचणीच्या शंकूच्या टोकाची त्रिज्या किती, शंकूची भिंत थंड की तापलेली, याबद्दल अवाक्षर नाही. एवढं गाळलं तर तो आकडा कुणाच्याच कामाचा राहत नाही.

नेहमीच्या टनेलमध्ये नॉझलच्या (हवेला वेग देणाऱ्या नळीच्या) भिंतीवरचा सीमास्तर स्वतःच टर्ब्युलंट असतो. त्याचा गोंगाट मॉडेलवर आदळतो, दाबाचे चढउतार टक्का-दोन टक्क्यांवर जातात आणि आकाशात झालं असतं त्याच्या बरंच आधी ट्रान्झिशन, म्हणजे संथ सीमास्तराचं टर्ब्युलंट होणं, घडतं. पर्ड्यू विद्यापीठाच्या माख ६ च्या (आवाजाच्या सहापट वेगाच्या) शांत टनेलमध्ये हेच चढउतार ०.०५ टक्क्याच्या खाली ठेवता येतात. त्यासाठी नॉझलचा गळा (सर्वांत अरुंद भाग) आरशासारखा पॉलिश करावा लागतो आणि भिंतीलगतची हवा गळ्याच्या अलीकडेच ओढून घ्यावी लागते. गळ्यावर धूळ बसली की ती शांतता गेली.

सेन्सरचंही तसंच. हवेचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर आणि सीमास्तर दीड मिलिमीटर जाड असेल, तर दुसऱ्या मोडच्या (टर्ब्युलंट होण्याआधी सीमास्तरात उठणाऱ्या) लाटा ३०० किलोहर्ट्झच्या आसपास येतात. साधं थर्मोकपल उष्णता वाढल्याचं सांगेल, ही लाट त्याला कळणार नाही. मेगाहर्ट्झपर्यंत साथ देणारा दाबाचा सेन्सर हवा, तोही पृष्ठभागाशी सपाट बसवलेला. टोकाच्या जोडावर नखाला लागेल एवढी पायरी राहिली तरी ट्रान्झिशन तिथूनच सुरू होऊ शकतं. शंकूची भिंत थंड केली की हा दुसरा मोड उलट जोर धरतो, हेही वाचकाला सांगायला हवं होतं.

ऑगस्ट २००५ मध्ये डिस्कव्हरी अंतराळयानाच्या पोटाखालच्या टाइल्समधून फटी भरायच्या दोन पट्ट्या बाहेर आल्या होत्या, जेमतेम इंचभर. तेवढ्यानेही परतताना सीमास्तर लवकर टर्ब्युलंट होऊन पोटाखाली उष्णता वाढेल, या भीतीने अंतराळवीर स्टीफन रॉबिन्सन यांना यानाखाली जाऊन त्या हाताने उपटाव्या लागल्या. लहानशा उंचवट्याची किंमत ही असते.

आणखी एक. बातमीसोबत फोटो सुखोईचा! ओझरला बनलेलं ते विमान माख २ च्या आसपासचं आहे, हायपरसॉनिक माख ५ च्या पुढे मोजतात. नाशिकच्या वाचकाला तरी सुखोई ओळखता येतं. दुरुस्ती त्याच पानावर छापावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक