सव्वा मूठ गहू

अमळनेर,
कानबाईच्या विसर्जनानंतरचा गुरुवार

प्रिय भिकन,

कानबाईच्या सणाला तुझी फार वाट पाहिली. सुरतेहून सगळी गल्ली उतरली, तुलाच तेवढी सुटी मिळाली नाही. फोनवर तू विचारलंस, आवाज असा का रे? तेव्हा आजूबाजूला माणसं होती, म्हणून आता लिहितो.

आमच्याकडे रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचे, गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ धरतात. आबांची झाली, दादाची झाली, दादाच्या दोन्ही पोरांची झाली, माझी झाली. तिथं हात थांबला आणि सगळ्या बायकांनी माझ्या संगीताकडे पाहिलं, हिला मूल कधी? सात वर्षं हेच चाललंय. या सात वर्षांत तिनं सोनोग्राफ्या केल्या, नळ्यांची तपासणी सोसली, कुणी सांगितले ते उपास धरले. आणि मी? दहावीला जीवशास्त्र शिकवणारा मी, माझ्या वीर्याचा नमुना द्यायला मला पाच वर्षं लागली. त्याची लाज आजही जात नाही.

एका मिलिलिटरमध्ये शुक्रजंतू निघाले 40 लाख. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांवरून जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये जी खालची मर्यादा ठरवली, ती आहे 1 कोटी 60 लाख. दुसऱ्यांदा तपासलं, तेच. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगणं, नाही, हार्मोन ठीक. आकडा 50 लाखांच्या खाली म्हणून गुणसूत्रं आणि वाय गुणसूत्राचे तुकडे गळालेत का ते पाहिलं, तेही ठीक. मग एका लॅबनं महागडं जनुकांचं पॅकेज गळ्यात मारलं. त्यात लिहून आलं: एमटीएचएफआर, 677, टीटी. खाली लाल अक्षरं. त्या रात्री मला वाटलं, आपल्या रक्तातच खोट आहे.

धुळ्याच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. पालेभाज्यांतलं फोलेट पेशीत जसंच्या तसं कामाला येत नाही. ते रूप बदलत जातं आणि त्यातली एक महत्त्वाची पायरी एमटीएचएफआर नावाचं एन्झाइम चालवतं. त्याच्या जनुकात 677 व्या जागी सी ऐवजी टी आला, की प्रथिनात अ‍ॅलॅनिनच्या जागी व्हॅलिन बसतं आणि एन्झाइम नरम पडतं. आई आणि वडील दोघांकडूनही टी आला, म्हणजे टीटी झालं, तर प्रयोगशाळेत त्याची ताकद जेमतेम 30 टक्के भरते. अंडकोषात रात्रंदिवस एका पेशीच्या दोन होत असतात, प्रत्येक वेळी डीएनएची नवी प्रत लागते आणि त्या कामाला फोलेट लागतं. म्हणून संशय या जागेवर जातो. 2001 मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी वंध्य पुरुषांत ही टीटी जोडी जास्त दिसते असं मांडलं. पुढच्या अभ्यासांत आशियाई लोकांत हा संबंध दिसला, युरोपात सगळीकडे दिसला नाही. टीटी असलेले कितीतरी पुरुष बाप झालेत, भिकन. तो कागद म्हणजे निकाल नव्हे, हे डॉक्टरांनी मला तीनदा सांगितलं. ही तपासणी सरसकट करायचीही गरज नसते म्हणाले.

खरी पकडीत येणारी गोष्ट वेगळीच निघाली. माझं बी-12 फार कमी आणि होमोसिस्टिन, म्हणजे बी-12 किंवा फोलेट कमी पडलं की रक्तात साचणारं द्रव्य, वाढलेलं. आमचं घर माळकरी, त्यात मला दूध-दही नकोसं. बी-12 नसेल तर फोलेट पेशीत अडकून पडतं, नुसतं फोलिक अ‍ॅसिड खाऊन भागत नाही. शिवाय आपण अंबाडी उकळून पाणी फेकून देतो, त्याबरोबर फोलेटही जातं. आता बी-12 ची इंजेक्शनं चालू आहेत, सोबत फोलेटची गोळी. ताटात कळण्याची भाकरी, मेथी आणि वाटीभर दही.

डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास बसला. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर मोठी चाचणी झाली, 2020 मध्ये निकाल आला. पुरुषांना सहा महिने रोज 5 मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड आणि 30 मिलिग्रॅम झिंक दिलं, पण त्यानं मुलं जास्त जन्मली नाहीत. तेव्हा माझी कमतरता भरून काढायची, आकडा वाढला तर वाढला. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून पुढची तपासणी दिवाळीनंतर. नाहीच जमलं तर इक्सी हा प्रयोगशाळेतला उपचार आहे. एका बीजांडात एकच शुक्रजंतू सोडतात, 40 लाख त्याला पुष्कळ झाले.

विसर्जन करून आलो त्या रात्री मी आईला सगळं सांगितलं. संगीतात काही दोष नाही, अडचण माझ्यात आहे, म्हटलं. आई बराच वेळ पदराचं टोक चाळत बसली. मग उठून आत गेली, रोटाचं ताट वाढलं आणि पहिल्यांदा संगीतापुढे ठेवलं. संगीता रडली. मीही.

तुझ्या आईनं देवापुढे पदर पसरला, म्हणून तुझं नाव भिकन. तुझ्या आबांना त्या काळी कुणी काही विचारलं नसणार. तुझ्या धाकट्याच्या लग्नाला आता तिसरं वर्ष. बायकोला दवाखान्यात पाठवायच्या आधी त्याला त्याचा नमुना द्यायला लाव. आधी दोन ते सात दिवस संयम ठेवायचा आणि एका आकड्यावर न थांबता काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. तो लाजला तर हे पत्र त्याच्या हातात दे, माझी काही हरकत नाही.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
धनराज