गाडी रात्री निघाली तरी बाळूला उठवा

तीर्थस्वरूप आई-अण्णांना सा. नमस्कार.

दसरा झाला, म्हणजे दादा-वहिनीची गाडी आता कधीही निघेल. मुकादम बहुतेक रात्रीच ट्रॅक्टर आणतो आणि पोरं झोपेत असतानाच माणसं निघतात. रडारड टळते खरी, पण सकाळी आई दिसली नाही की पोराच्या मनात बसतं, डोळा लागला की माणूस जातं. मग ते झोपायलाच भितं. म्हणून बाळूला उठवा. वहिनीनं त्याला जवळ घेऊन सांगावं, आम्ही ऊस तोडायला चाललो, तू आजीजवळ राहायचं, कारखाना बंद झाला की येणार.

तारीख मात्र सांगू नका. कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, मार्च लागेल की एप्रिल उजाडेल, कुणाला ठाऊक? तारीख हुकली की पोर पुढचं काहीच खरं मानत नाही. त्यापेक्षा कॅलेंडरवर संक्रांत, शिवरात्र, होळी दाखवत जा. फोनचंही तसंच. गाडी भरायला रात्री-अपरात्री जावं लागतं, तेव्हा 'रोज आठला' असा शब्द नको. वहिनीचं दोन मिनिटांचं बोलणं मोबाइलमध्ये भरून ठेवा, झोपताना तेच ऐकवा.

बंद झालेलं अंथरूण ओलं करणं कदाचित पुन्हा सुरू होईल, शाळेच्या वेळी पोट दुखेल. ते सोंग नसतं. ओरडू नका, चारचौघांत काढू नका. दिवसा पाणी भरपूर, संध्याकाळी 7 नंतर कमी, निजण्याआधी लघवीला. जळजळ, ताप किंवा सारखी तहान असली तर दवाखाना.

थोरलीची मला जास्त काळजी. ती रडणार नाही. भाकऱ्या थापील, पाणी आणील, भावाला सांभाळील, आणि गाव म्हणेल, शहाणी पोर आहे! तिचं डोकं दुखणं, मैत्रिणींत न जाणं, शाळा बुडणं, यावर लक्ष ठेवा. अण्णा, तुम्ही भाकरी थापणार नाही, माहीत आहे. पाणी तरी आणा. हंगामी वसतिगृहाच्या यादीत दोघांची नावं घालायला शाळेतल्या सरांना सांगा, तिथं तोडीला गेलेल्यांच्या पोरांना जेवण मिळतं, स्वयंपाकाचा भार तेवढाच हलका. 'पोरीचं लग्न उरकून टाका' म्हणणाऱ्याला दारातूनच परत लावा. तिला बारावं वर्ष चालू आहे.

आई, दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, असं झालं तर अंगावर काढू नकोस. 14416 लाव. टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा. फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात.

'मरावंसं वाटतं' असं घरात कुणीही म्हटलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच तोच नंबर लावा. फवारणीचं औषध अजून खाटेखालीच असेल. ते आजच कुलपात टाका, किल्ली अण्णांच्या करदोट्याला.

तुमची,
सुमी