शेवटच्या महिन्यांची सेवा चांगली की वाईट, हे तपासतं कोण? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
लोक स्वास्थ्य एवं चिकित्सा शिक्षा विभाग,
मध्यप्रदेश शासन, भोपाळ

विषय : हॉस्पिस (बऱ्या न होणाऱ्या रोग्याला अखेरच्या काळात ठेवून घेणारी जागा) आणि घरपोच उपशामक सेवा (अशा रोग्याचं दुखणं, त्रास कमी करण्याची सेवा) देणाऱ्या संस्थांचं मूल्यमापन शासनाने सुरू करण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

मी इंदूरची निवृत्त परिचारिका. नोकरीतली बरीच वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात गेली. निवृत्तीनंतरही फोन येत राहतात. रामबागेतून, लोकमान्य नगरातून, सुदामा नगरातून, कधी देवासहून. "सिस्टर, डॉक्टर म्हणाले आता घरी न्या. घरी येऊन बघणारे लोक आहेत म्हणे, ठेवून घेणारेही आहेत. त्यातले चांगले कोण?" मला जे माहीत असतं ते मी सांगते. पण "हे आम्ही कुठे बघायचं?" असं कोणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला काही नसतं. आपल्या विभागाकडेही नाही.

पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाला पाठवली आहे. मराठीत जाहीरपणे लिहिते आहे ते इथल्या आपल्या माणसांसाठी, कारण निवड त्यांना करायची असते आणि तीही डिस्चार्जचा कागद हातात असताना, दोन दिवसांत.

आपल्या राज्यात नर्सिंग होमची नोंदणी 1973 च्या कायद्याने होते. जागा किती, खाटा किती, डॉक्टर-नर्स किती, हे त्यात बघितलं जातं. ते बघायलाच हवं. पण बऱ्या न होणाऱ्या रोग्याच्या बाबतीत काम झालं की नाही, ते खाटा मोजून कळत नाही. आणि जी सेवा घरी येऊन दिली जाते, तिथे तर मोजायला खाटसुद्धा नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या वहिनींना स्तनाचा कॅन्सर होता, जखम उघडी पडली होती. भावाने त्यांना शहरातल्या एका खाजगी ठिकाणी ठेवलं. बाहेर हॉस्पिस अशी पाटी, आत चकचकीत फरशी, एसी खोल्या, दारात गणपती. मी दुपारी चारच्या सुमाराला भेटायला गेले आणि सवयीने पायथ्याशी लटकवलेला चार्ट उचलला. रात्री आठचं तापमान, नाडी, रक्तदाब लिहून तयार होतं. रात्री बाराचंही. एकाच पेनाने, एकाच हाताने. दुखणं किती आहे याचा रकानाच त्या कागदावर नव्हता. वहिनी कण्हत होत्या. ड्यूटीवरची मुलगी म्हणाली, "रात को नींद का इंजेक्शन देते हैं ना." त्या मुलीला मी दोष देत नाही, तिला कोणी शिकवलंच नव्हतं. दोष तिला तिथे उभं करणाऱ्याचा, आणि तसं उभं करू देणाऱ्या व्यवस्थेचा.

आम्ही त्यांना घरी आणलं. मग एक छोटी टोळी यायला लागली, एक डॉक्टर आणि दोन नर्सबाई, स्कूटरवरून. पाटी नाही, एसी नाही. पहिल्या भेटीत त्यातली मोठी नर्स पलंगाच्या कडेवर बसली आणि वहिनींना विचारलं, "ताई, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" आम्हाला वाटलं वहिनी दुखतं म्हणतील. त्या म्हणाल्या, "वास." जखमेच्या वासामुळे त्या नातवाला जवळ येऊ देत नव्हत्या. नर्सबाईंनी जखम सलाइनने हलक्या हाताने धुतली, मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून त्याची पूड जखमेवर पसरली, वर गॉज ठेवलं, आणि हेच सगळं माझ्या भाचीकडून दुसऱ्या दिवशी स्वतःसमोर करवून घेतलं. काही रुपयांच्या गोळ्या. आठवड्याभरात वास इतका कमी झाला की नातू पलंगावर बसून गृहपाठ करायला लागला.

महोदय, या दोन ठिकाणांत चांगलं कोणतं, हे आमच्या घरातलं लहान पोरही सांगेल. आपल्या विभागाच्या तपासणीत मात्र पहिलं पास झालं असतं आणि दुसरं तपासणीच्या कक्षेतही आलं नसतं. ही उलटी गोष्ट सरळ करा, एवढंच माझं मागणं आहे.

चांगली सेवा ओळखायची कशी, हे या कामातल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. पहिली गोष्ट दुखणं. शून्य ते दहा अशा आकड्यांत ते रोग्याला विचारायचं असतं, दर भेटीत लिहायचं असतं, आणि सेवा सुरू झाल्यापासून दोन-तीन दिवसांत ते खाली आलं की नाही हे तपासायचं असतं. आलं नसेल तर औषध बदलायचं, मात्रा वाढवायची. ज्या संस्थेला तिच्या रोग्यांच्या दुखण्याचे आकडे दाखवता येत नाहीत, तिने बाकी काहीही दाखवलं तरी मी ते बघणार नाही.

दुसरी गोष्ट मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, आणि इथे मला जरा थांबून बोलायचं आहे. मॉर्फिनचं नाव काढलं की घरच्यांचे चेहरे उतरतात. व्यसन लागेल, श्वास बंद पडेल, आता संपलंच म्हणायचं. शिकलेल्या डॉक्टरने लहान मात्रेपासून सुरू करून, बघत बघत वाढवलं तर असं होत नाही, हे मी वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तोंडाने घ्यायची साधी गोळी, दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखायला लागायची वाट बघायची नाही. आणि सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने शौचाला कडक होतंच. मॉर्फिन दिलं पण पोटाचं औषध लिहिलं नाही, तर त्या संस्थेला हे काम येत नाही, असं मी बेधडक म्हणते.

हे औषध ज्या अफूपासून बनतं, ती आपल्याच माळव्यात पिकते. मंदसौर, नीमच, रतलामच्या शेतांत सरकारी परवान्याने. नीमचला केंद्र सरकारचा अफू आणि अल्कलॉइडचा, म्हणजे अफूतून काढलेल्या औषधी द्रव्यांचा, कारखाना आहे, इंदूरहून पाच-सहा तासांच्या रस्त्यावर. आणि इंदुरात माणूस रात्रभर विव्हळतो, कारण घरच्यांना गोळी कुठे मिळते ते माहीत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं इतकं जंजाळ केलं होतं की बऱ्याच रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. ते जंजाळ तोडण्यासाठी संसदेने 2014 साली कायदा सुधारला, 2015 साली नियम आले. आता मॉर्फिन ठेवायला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. त्यासाठी संस्थेत वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो आणि साठ्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणजे कोणाकडे मॉर्फिन आहे, हे शासनाच्या दप्तरी लिहिलेलं आहे. ती यादी लोकांपुढे ठेवायला नवा कायदा नको, नवा पैसाही नको. फक्त यादी बाहेर काढायची आहे.

तिसरी गोष्ट रात्र. माणूस अखेरच्या दिवसांत असतो तेव्हा घरचे दिवसा कसेबसे निभावून नेतात, रात्री दोन वाजता घशात घरघर सुरू झाली की धीर सुटतो. त्या वेळी फोन कोणी उचलला आणि "घाबरू नका, कुशीवर वळवा, उशी उंच करा, अमुक औषध जिभेखाली ठेवा" असं सांगितलं, तर माणूस आपल्या घरात राहतो. फोन वाजत राहिला तर अँब्युलन्स, मग आयसीयू, मग नळ्या, आणि नातेवाईक काचेच्या पलीकडे.

हे मोजता येतं का? येतं. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना हॉस्पिसचा खर्च देते. तिथे दिलेला पैसा रोजाच्या ठरल्या दराने असतो, त्या दिवशी कोणी रोग्याला बघायला गेलं असो वा नसो. त्यामुळे त्यांनी एक साधं माप लावलं : आयुष्याच्या शेवटच्या तीन दिवसांपैकी निदान दोन दिवशी नर्स किंवा समाजसेविका प्रत्यक्ष घरी गेली का? शिवाय 2015 पासून मृत्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी नातेवाइकांना प्रश्नावली पाठवली जाते. दुखण्यावर हवी तेवढी मदत मिळाली का, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी गरज पडली तेव्हा कोणी आलं का, औषधांचे दुष्परिणाम समजावून सांगितले का, माणूस गेल्यावर तुमची विचारपूस झाली का. संस्थेच्या नावासकट निकाल जाहीर होतो. इंग्लंडमध्ये सरकारी निरीक्षक हॉस्पिसला श्रेणी देतात आणि अहवाल कोणालाही वाचता येतो.

तिथलं सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. लॉस एंजेलिस भागात इतकी बनावट हॉस्पिस उगवली की कॅलिफोर्नियाच्या सरकारी लेखापरीक्षकांनी 2022 साली त्यावर कडक अहवाल दिला. मेडिकेअरचे पैसे उकळण्यासाठी, मरणाच्या दारात नसलेल्या लोकांची नावं टाकली जात होती. आपल्याकडे आयुष्मान कार्ड आज भरती झालेल्या रोग्यापुरतं चालतं. उद्या घरच्या सेवेला पैसे द्यायचं ठरलं, आणि ते द्यायलाच हवेत, तर तपासणीची घडी आधी बसलेली असू द्या. पैसा आधी आणि माप नंतर असं झालं की काय होतं, ते त्यांनी भोगून झालं आहे.

नातेवाइकांना विचारायचं तर आपल्या माणसांची रीत लक्षात घेऊन विचारावं लागेल. आपल्याकडे "समाधानी आहात का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "केलं हो बिचाऱ्यांनी, आमचं नशीबच तसं." गेलेल्या माणसाच्या नावाने तक्रार नको, असं वाटतं. म्हणून थेट विचारा. रात्री फोन केला होता का, किती वेळाने उचलला? औषध कधी संपलं होतं का? पाठीवर जखम झाली का, कूस बदलायला कोणी शिकवलं होतं का? दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती मिळाली का? रोग्याला स्वतःला काय हवं आहे, हे त्याला कोणी विचारलं का? आणि तेराव्याच्या गडबडीत नको, दोन-तीन महिन्यांनी विचारा, तेव्हा माणूस खरं बोलतो. हिंदीत विचारा, आणि इंदुरात मराठी घरांत मराठीतही विचारा. आमच्या म्हाताऱ्या बायका दुखणं मराठीतच सांगतात.

एक धोकाही सांगून ठेवते. तपासणी म्हणजे फायलींचा ढीग, असं झालं तर स्कूटरवरची ती टोळी पहिली बंद पडेल आणि चकचकीत फरशीवाले कागद भरून पास होतील. चार्ट आधीच भरून ठेवणं त्यांना चांगलं जमतं. म्हणून कागद कमी मागा, आणि न सांगता जा. आमचं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलं, ते कशावर? पथकं न सांगता रस्त्यावर उतरतात आणि नागरिकांना विचारतात. कचऱ्यासाठी हे करता आलं, तर मरणाऱ्या माणसासाठी करता येणार नाही, असं मी ऐकून घेणार नाही.

धोरणाचं म्हणाल तर केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून आहे, केरळने 2008 साली आणि महाराष्ट्राने 2012 साली आपापलं धोरण केलं. नमुने तयार आहेत.

सुरुवात इंदुरातून करा. रोगी कल्याण समितीची, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या कारभारात लोकांना सामील करणाऱ्या समितीची, कल्पना नव्वदच्या दशकात आमच्या एमवाय या सरकारी रुग्णालयातूनच निघाली आणि देशभर गेली, हे आपण जाणताच. जिल्ह्यात ही सेवा देणाऱ्या सगळ्यांची, घरपोच देणाऱ्यांचीसुद्धा, नोंद सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात व्हावी. मॉर्फिन असलेल्या मान्यताप्राप्त संस्थांची नावं आणि फोन नंबर प्रत्येक कॅन्सर वॉर्डाच्या भिंतीवर आणि 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर असावेत. दुखण्याची नोंद, रात्रीचा फोन, शेवटच्या तीन दिवसांतल्या भेटी आणि नातेवाइकांची उत्तरं, एवढ्या चार गोष्टी दर सहा महिन्यांनी संस्थेच्या नावासकट जाहीर व्हाव्यात.

नातेवाइकांना फोन करून विचारण्याचं काम पगाराच्या माणसांनीच केलं पाहिजे असं नाही. माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका या शहरात पुष्कळ आहेत. त्यातल्या काहींशी मी बोलले आहे, त्या तयार आहेत. प्रश्नावलीचा मराठी आणि हिंदी मसुदा मी करून ठेवला आहे आणि हिंदी पत्रासोबत जोडला आहे. तो तपासायला विभागातल्या एका डॉक्टरांना नेमून द्यावं आणि त्यांचं नाव मला कळवावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
लोकमान्य नगर, इंदूर