आधी तिकीट, मग ठसा

पुणे

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतच्या रंगीत छायाप्रती मिळाल्या. लिलावात घेतलेल्या गठ्ठ्यातली निम्मी चिनी तिकिटे एकाच गृहस्थाच्या चेहऱ्याची आहेत, त्यांवर काळ्या-तांबड्या अक्षरांचे ओव्हरप्रिंट, म्हणजे तयार तिकिटावर मागाहून मारलेले ठसे, आहेत आणि आपल्याला चिनी अक्षर एकही येत नाही, म्हणून ती कुणाला तरी देऊन टाकावीत असा तुझा विचार दिसतो. कृपा करून देऊ नकोस. चिनी भाषा मलाही येत नाही, पण वीस-पंचवीस अक्षरे नुसत्या चेहरेपट्टीवरून ओळखता आली की या विषयातले बरेचसे काम भागते. शिवाय तू इतकी वर्षे ग्वाल्हेर संस्थानची तिकिटे जमवतो आहेस. राणी व्हिक्टोरियाच्या तिकिटावर ‘ग्वालियर’ हा ठसा किती मिलिमीटर लांब आहे, यावरून छपाई ठरवायची सवय तुझ्या हाताला आहेच, आणि इथेही तीच उपयोगी पडते.

मात्र अक्षरांकडे वळण्याआधी प्रत्येक तिकिटाला एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे हे तिकीट कोणत्या पैशात विकले गेले. माझे असे मत झाले आहे की चीनमधले बहुतेक ओव्हरप्रिंट हे चलनाच्या गोंधळातून जन्मले आहेत, आणि तो गोंधळ समजला की अक्षरे पाठ करण्याची मेहनत अर्धी होते. सुरुवातच पाहा. १८९७ मध्ये टपालखात्याने चांदीच्या टेल या वजनावर आधारलेली कँडरीन ही जुनी मोजणी सोडून डॉलर-सेंट स्वीकारले, आणि नवी तिकिटे जपानहून येईपर्यंत हाताशी असलेल्या तिकिटांवर नव्या किमती छापल्या. लंडनच्या वॉटरलो कंपनीकडून छापून आलेली, पण महसुलासाठी कधीच न वापरलेली तीन सेंटची तांबडी महसूल तिकिटेही त्यात खपवली गेली. हीच संग्राहकांची प्रसिद्ध ‘रेड रेव्हेन्यू’. त्यातल्या एक डॉलरच्या पहिल्या छपाईतली अक्षरे फार लहान वाटली म्हणून पुढे मोठी केली, आणि त्या लहान अक्षरांच्या आज तिशीच्या आसपास प्रतीच ज्ञात आहेत. ते तिकीट तुझ्या गठ्ठ्यात नाही हे मी न पाहताही सांगतो. कुणी स्वस्तात देऊ लागला तर त्याला नमस्कार करून पुढे जावे.

तुझ्या छायाप्रतींतली पहिली ओळ वेटोळे घातलेल्या ड्रॅगनच्या तिकिटांची आहे आणि तिच्यावर चार अक्षरांचा उभा ठसा आहे. चिनी मजकूर उभा असेल तर वरून खाली, आणि त्या काळी आडवा असेल तर उजवीकडून डावीकडे वाचायचा, एवढे ध्यानात ठेव. सर्वांत वर एक आडवी चौकट आणि तिच्या मधोमध आरपार गेलेली उभी रेघ असे सोपे अक्षर दिसते ना? ते ‘चुंग’. सर्वांत खाली चारी बाजूंनी बंद चौकट आणि तिच्या पोटात दाटीवाटीने भरलेल्या रेघा, ते ‘क्वो’. हा ठसा म्हणजे ‘चीनचे प्रजासत्ताक’. १९१२ मध्ये छिंग राजवट संपली, पण साम्राज्याची तिकिटे गोदामात शिल्लक होती, म्हणून ती या ठशाखाली चालवली. हा ठसा शांघायमध्ये कस्टम्सच्या सांख्यिकी विभागाने मारला, तिथल्याच कमर्शियल प्रेसने मारला आणि लंडनमध्ये वॉटरलोनेही मारला, त्यामुळे एकाच मजकुराची अक्षरे तीन वळणांची सापडतात. ती शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय वेगळी करता येत नाहीत. तिथे घाई नको. आधी ‘चुंग’ कुठे बसले आहे ते बघ. ते वरून पहिले असेल तर ठसा नेहमीचा. चारच अक्षरे असून ते तिसरे असेल, तर तो ‘हंगामी तटस्थता’ असा फूचौ शहराचा ठसा होय. क्रांतीच्या धामधुमीत टपालखाते कुणाच्याच बाजूचे नाही हे सांगण्यासाठी तो काढला, आणि नव्या सरकारला तो अर्थातच रुचला नाही. हे तिकीट महाग आहे, म्हणून त्याची नक्कलही भरपूर झाली आहे.

नकलेचा विषय निघालाच आहे तर इथेच थांबून लिहितो, कारण माझ्या मते ओळखीपेक्षा पारख अवघड आहे. ओव्हरप्रिंट खोटा करणाऱ्याला अख्खे तिकीट बनवावे लागत नाही. खरे, स्वस्त तिकीट घेऊन त्यावर चार अक्षरे उमटवली की झाले. म्हणून ठसा पाहण्याआधी खालचे तिकीट तपासावे. ड्रॅगनच्या १८९८ च्या छपाईच्या कागदात यिन-यांगच्या वर्तुळाचा वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, आहे, नंतरच्या छपाईत तो नाही, आणि १९१२ चे ठसे या नंतरच्या कागदावर मारलेले आहेत. वॉटरमार्क असलेल्या तिकिटावर प्रजासत्ताकाचा ठसा दिसला तर मी त्याच्याकडे संशयानेच पाहतो. त्यानंतर भिंग घेऊन, उजेड एका बाजूने पडेल असा धरून, ठशाची शाई आणि टपालाच्या शिक्क्याची शाई जिथे एकमेकींना छेदतात ती जागा पाहायची. तिकीट ठसा मारून विकले गेले आणि मग पत्रावर रद्द झाले, म्हणजे शिक्का वर आणि ठसा खाली हवा. हा क्रम उलटा दिसला, तर वापरलेल्या तिकिटावर कुणीतरी मागाहून अक्षरे मारली आहेत. खिळ्यांच्या छपाईत शाई दाबाखाली अक्षराच्या कडेला सरकते, त्यामुळे भिंगाखाली कड गडद आणि मधला भाग किंचित फिका दिसतो, शिवाय पाठीमागे बोटाला जाणवेल न जाणवेल असा उठाव असतो. आजच्या संगणकी छपाईचे काळे चूर्ण मात्र कागदाच्या वर चकाकत बसलेले दिसते.

शिक्क्यावरचे वर्षही कामाचे आहे. प्रजासत्ताकाची वर्षगणना १९१२ ला पहिले वर्ष मानते, त्यामुळे शिक्क्यातल्या वर्षात १९११ मिळवले की आपले साल मिळते. एक, दोन, तीन हे चिनी अंक अनुक्रमे एक, दोन आणि तीन आडव्या रेघा आहेत आणि दहा म्हणजे अधिकचे चिन्ह. एवढ्यावर निम्मे शिक्के वाचता येतात.

आता तुझ्या जहाजाच्या आणि भात कापणाऱ्या शेतकऱ्याच्या तिकिटांकडे येतो. ही मालिका १९१३ ची. तिच्यावर पाच अक्षरांचा ठसा असेल तर बहुधा तो प्रांताचा असतो, आणि त्याचे कारण पुन्हा पैसाच. शिंजियांगचे चलन उरलेल्या चीनच्या मानाने इतके घसरले होते की तिथे स्वस्तात तिकिटे घेऊन ती दुसऱ्या प्रांतात वापरणे किंवा विकणे हा फायद्याचा धंदा झाला असता. म्हणून १९१५ पासून तिकिटावर ‘फक्त शिंजियांग प्रांतात वापरण्यासाठी’ असे छापले. पुढे हाच इलाज १९२६ मध्ये युन्नानला, १९२७ मध्ये किरिन-हेलुंगच्यांगला आणि १९३३ मध्ये सेचवानला लावला. या सर्व ठशांचे पहिले अक्षर आणि शेवटची दोन अक्षरे एकच आहेत. शेवटचे अक्षर खालून उघड्या, जाळीदार खिडकीसारखे असते. ते दिसले की प्रांताचा ठसा समजावा आणि मधल्या अक्षरांवर नजर न्यावी. तीन सरळ उभ्या रेघा दिसल्या तर सेचवान. एखाद्या अक्षराच्या तळाशी ओळीने चार ठिपके असतील तर किरिन-हेलुंगच्यांग. शिंजियांग आणि युन्नान यांच्यात फक्त दुसरे अक्षर बदलते, आणि त्याच्या डाव्या कडेला पाण्याचे तीन थेंब असतील तर ते युन्नान.

शिंजियांगचा पहिला ठसा मला फार आवडतो. १९१५ च्या या ठशात पहिले अक्षर बाकीच्या चारांच्या रेषेत नाही, अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकले आहे, आणि ठशाची लांबी १६ मिलिमीटर भरते. पुढच्या वर्षीपासूनच्या ठशात पाचही अक्षरे एका रेषेत आली आणि लांबी साडेपंधरा झाली. तुझ्या छायाप्रतीत सातव्या क्रमांकाच्या तिकिटावर पहिले अक्षर मला सरकलेले वाटते, पण छायाप्रतीवरून अर्ध्या मिलिमीटरचा निवाडा करणे मूर्खपणाचे ठरेल.

तू ज्यांना एकाच चेहऱ्याची तिकिटे म्हणतोस ते गृहस्थ म्हणजे चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक डॉ. सुन यत्-सेन. त्यांच्या तिकिटांची लंडनमधली छपाई १९३१ ची, न्यूयॉर्कमधली १९४१ ची, आणि मधल्या काळातल्या हाँगकाँगमधल्या निराळ्या. लंडनच्या छपाईतही वरच्या सूर्यचिन्हात दुहेरी वर्तुळ आणि एकेरी वर्तुळ असे दोन प्रकार आहेत, तेव्हा ठसा वाचण्याआधी सूर्य पाहून घे. जपानी ताब्यातल्या उत्तर चीनमध्ये १९४१ मध्ये या तिकिटांवर सहा विभागांची नावे छापली, लहान आणि मोठ्या अशा दोन आकारांत. त्रिशूळासारख्या अक्षराने सुरू होणारी दोन नावे म्हणजे शान्सी आणि शान्तुंग. तीन थेंबांच्या अक्षराने सुरू होणारी दोन म्हणजे होनान आणि होपे. सुपेचे दुसरे अक्षर होपेच्या दुसऱ्या अक्षराशी जुळते, आणि दोन्ही अक्षरे रेघांनी गच्च भरलेली असतील तर ते मंगच्यांग. पुढच्याच वर्षी याच तिकिटांवर ‘उत्तर चीन’ आणि मूळ किमतीच्या निम्मी किंमत असा ठसा आला, तोही चलनबदलामुळेच.

महायुद्धानंतरच्या तिकिटांत मी शिरत नाही, कारण ते प्रकरण महागाईचे आहे आणि त्याचे सरचार्ज, म्हणजे किंमत बदलणारे ठसे, मोजता मोजता डोळे थकतात. ऑगस्ट १९४८ मध्ये तीस लाख जुन्या युआनला एक सुवर्ण युआन ठरला, आणि वर्षही न होता पन्नास कोटी सुवर्ण युआनला एक रौप्य युआन द्यावा लागला. १९४९ मध्ये तर किंमतच न छापता ‘देशांतर्गत पत्र’, ‘नोंदणी’ अशी तिकिटे काढून ती त्या दिवसाच्या दराने विकली. ही बहुतेक तिकिटे आजही स्वस्त आहेत आणि अनेकांना मुळातच डिंक नाही, त्यामुळे पाठ कोरडी दिसली म्हणून त्यांना सदोष ठरवू नकोस.

एक मात्र चुकवू नकोस. गठ्ठ्याच्या शेवटच्या पानावर राणी व्हिक्टोरियाची दोन भारतीय तिकिटे आहेत आणि त्यांवर इंग्रजीत ‘सी.ई.एफ.’ असा ठसा दिसतो. ती भरकटून इथे आलेली नाहीत. १९०० मध्ये बॉक्सर उठावाच्या वेळी भारतीय फौज चीनमध्ये गेली, तिची पत्रे भारतीय लष्करी टपाल कार्यालयांतून आण्यांच्या दराने जात, आणि ही तिकिटे त्या ‘चायना एक्स्पिडिशनरी फोर्स’ची आहेत. शिक्का लष्करी कार्यालयाचा, म्हणजे ‘एफ.पी.ओ.’ आणि क्रमांक असा असेल तर कापून वेगळी करू नकोस; लिफाफ्याचा तुकडा सोबत राहू दे.

तेव्हा तीन गोष्टी कर. सातव्या तिकिटाचा ठसा मिलिमीटरच्या पट्टीवर ठेवून मोठा फोटो काढ, ड्रॅगनच्या तिकिटांच्या पाठीचे फोटो वॉटरमार्कच्या द्रवात ठेवून घे, आणि त्या दोन भारतीय तिकिटांचे शिक्के वाचून कळव. दिवाळीनंतर मी नागपूरला येणार आहे, तोपर्यंत तांबडे ठसे पाण्यात भिजवू नकोस, कारण त्यांतल्या काहींची शाई उतरते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव