चिमुकल्यांच्या घरगुती उद्योगांना क्रमांक नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील मुलांच्या पानावर दोन ते सहा वर्षे वयोगटासाठी घरगुती कलावस्तूंची स्पर्धा जाहीर झाली आहे. मुलाने घरातील निरुपयोगी वस्तूंपासून काहीतरी तयार करावे, पालकांनी त्याचे छायाचित्र पाठवावे, पहिल्या तीन क्रमांकांना बक्षीस आणि उरलेल्या सर्वांना प्रमाणपत्र मिळावे, अशी तिची रचना आहे. मुलांचे हात कामाला लागावेत आणि आयत्या खेळण्यांवाचूनही घरात वेळ चांगला जातो हे पालकांना दिसावे, हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. एरवी मोठ्यांच्याच प्रश्नांनी भरलेल्या वर्तमानपत्राने एवढ्या लहान मुलांची आठवण ठेवली याचे मला, चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा असलेल्या बापाला, कौतुकही वाटते. माझी हरकत बक्षिसाला, क्रमांकाला आणि प्रमाणपत्राला आहे, आणि ती थोड्या विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

लहान मुलांना बक्षिसाने हुरूप येतो, असे आपण सगळेच धरून चालतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मात्र वेगळेच सांगतो. रंगीत पेनांनी चित्रे काढण्यात आपणहून रमणाऱ्या, तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला, चित्र काढल्यास सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल, असे आधीच सांगण्यात आले. दुसऱ्या गटाला काही न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र देण्यात आले. तिसऱ्याला काहीच मिळाले नाही. एक-दोन आठवड्यांनी बालवर्गात मोकळ्या वेळी तीच पेने पुन्हा मुलांसमोर ठेवली, तेव्हा प्रमाणपत्राच्या आशेने चित्रे काढलेली मुले इतर दोन्ही गटांच्या सुमारे निम्माच वेळ त्यांच्याशी रमली. एवढेच नव्हे, तर त्या आशेने काढलेली त्यांची चित्रेही, कोणते चित्र कोणत्या गटाचे हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांना इतरांपेक्षा डावी वाटली होती. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळाले त्यांच्या गोडीला धक्का लागला नाही, म्हणजे बिघाड त्या कागदात नव्हता, आधी दिलेल्या आश्वासनात होता.

हा निष्कर्ष मुलाला मुळात आवडणाऱ्या गोष्टींपुरता आहे, हेही सांगितले पाहिजे. नको असलेले काम करून घेण्यासाठी दाखवलेल्या आमिषाचा प्रश्न निराळा आहे, आणि कडू औषधानंतर काहीतरी गोड हातावर ठेवणाऱ्या आईबापांना मी नावे ठेवणार नाही, कारण त्यांत मीही आहे. परंतु कागद फाडणे, गोंद थापणे, खोक्यावर खोके रचून ते पाडणे यांसाठी कोणत्याही मुलाला कधी आमिष दाखवावे लागत नाही. आपल्याला ते थांबवावे लागते. आपली स्पर्धा नेमके तिथेच आमिष ठेवते.

दुसरी अडचण वयोगटाची आहे. दोन वर्षांचे मूल खडू मुठीत धरून गिरगोट्या काढते आणि हात फिरला की कागदावर खूण उमटते याचेच त्याला अप्रूप असते. बंद गोल जमायला बहुधा तिसरे वर्ष उजाडते. पुढे वर्षभरात माणूस उगवतो तो असा की एका मोठ्या गोलातून दोन पाय थेट खाली आलेले असतात आणि धडाचा पत्ता नसतो. मुले सर्वत्र साधारण अशीच चित्रे काढतात, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. सहाव्या वर्षापर्यंत त्याच माणसाला धड, बोटे, कपडे, पायाखाली जमीन आणि डोक्यावर आकाश मिळालेले असते. ही सगळी वये एकाच रांगेत उभी करून परीक्षक क्रमांक कसे लावणार? जे नीटनेटके दिसेल त्याला लावणार, आणि नीटनेटके दिसण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ते मोठ्यांनी करणे. मागील वर्षीच्या विजेत्या कलावस्तूंची छायाचित्रे आपण घोषणेसोबत छापली आहेत, त्यांतील पुठ्ठ्याच्या घराच्या खिडक्या काटकोनात कापलेल्या आहेत. पाच वर्षांच्या मुलाच्या हातातील बोथट कात्री पुठ्ठ्याला असा काटकोन देत नाही. त्या घरातील आईबापांना मी दोष देत नाही; स्पर्धा म्हटली की हात शिवशिवतात, आणि मुलाने वाकडे चिकटवलेले छप्पर मूल झोपल्यावर सरळ करण्याचा मोह कोणालाही होईल. फक्त सकाळी उठल्यावर ते छप्पर आपले नाही हे मुलाला कळते, एवढे लक्षात घ्यावे.

छायाचित्राच्या अटीविषयी थोडेसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसल्या जागी पडद्यासमोर जाणारा वेळ दिवसाला १ तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तितके बरे, आणि एका वर्षाखालील बाळांसाठी तो नसावाच. आपल्या घोषणेतही 'मुलांना मोबाइलपासून दूर नेण्यासाठी' असे शब्द आहेत. मग मुलाच्या खेळात मोबाइलला एवढ्या मानाने बोलावण्याचे कारण काय? फोन दिसला की मूल हातातले काम टाकते, चेहरा छायाचित्राचा करते आणि लगेच 'दाखव, दाखव' म्हणत धावत येते. पुढचा अर्धा तास कशात जातो हे मी लिहिण्याची गरज नाही.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते यापुढे आहे. 'घरच्या घरी' म्हटले की आपल्या पानाला पुठ्ठा, रंग आणि चकाकी आठवते. परंतु लहान मुलांच्या घरात रोज जे चाललेले असते ते याहून कितीतरी समृद्ध असते आणि त्यासाठी कोणतेही साहित्य जमवावे लागत नाही. धुतलेल्या कपड्यांचा ढीग घ्या. आमचा धाकटा घडी घातलेले कपडे उचलून न घातलेल्या ढिगात परत टाकतो आणि हे आपले नेमून दिलेले काम आहे अशा गांभीर्याने टाकतो. त्याच्या हातात रुमाल देऊन तो कपाटापर्यंत न्यायला सांगितला, की एकेक रुमाल घेऊन त्याच्या खेपा सुरू होतात. थोरली मोज्यांच्या जोड्या लावते, कोणता कपडा कोणाचा हे ओळखून वेगवेगळे गठ्ठे करते, आणि उलट्या बाहीत हात घालून ती सुलट करण्याचे कसब तिला अलीकडेच साधले आहे. वर्गीकरण, जोडी, लहान-मोठे, आत-बाहेर, माझे-तुझे हे सारे त्यात येते, आणि त्यातील एकही गोष्ट कोणी शिकवत बसलेले नसते. शेंगा सोलताना अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट कामाला लागते, झाडांना पाणी घालताना भांडे किती कलवावे याचा अंदाज येतो, जेवणाची पाने मांडताना घरातील माणसे मोजली जातात. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले. त्यांच्या पद्धतीत पाणी ओतणे, बटणे लावणे, झाडणे, पुसणे या कामांना मानाचे स्थान मिळाले आणि मुलांच्या हाताला येतील अशा आकाराची साधने व फर्निचर देण्यात आले. घरात ती साधने आधीपासूनच असतात. लागतो तो एक लहान झाडू, एक ओले फडके आणि मोठ्यांचा धीर.

या कामांत मूल लुडबुड करते अशी आपली तक्रार असते. मुलाच्या बाजूने पाहिले तर ती मदत असते. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की अवघ्या १८ महिन्यांची मुलेही अनोळखी मोठ्या माणसाला आपणहून मदत करतात: कपडे वाळत घालणाऱ्याच्या हातून चिमटा पडला आणि तो त्याच्या हाताला येत नसला तर उचलून देतात, हात भरलेले असल्याने कपाटाचे दार उघडता येत नसेल तर ते उघडतात. चिमटा मुद्दाम टाकला असेल तर मात्र सहसा जागचे हलत नाहीत, म्हणजे कोणाला काय हवे आहे हे त्यांना समजते. याच दोघांचा २००८ चा प्रयोग तर आपल्या बक्षिसांच्या थेट मुळाशी जातो. २० महिन्यांच्या मुलांपैकी ज्यांना मदतीबद्दल प्रत्येक वेळी वस्तू मिळत गेली, ती मुले वस्तू मिळणे थांबल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. ज्यांना फक्त शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळाले नाही, त्यांचा उत्साह टिकला. दीड-दोन वर्षांच्या वयात जे आपोआप हाती आलेले असते ते आपण बक्षिसे देऊन घालवतो, आणि मग दहाव्या वर्षी 'घरातल्या कामाला हात लावत नाही' म्हणून त्याच मुलावर चिडतो.

हे सगळे वाचायला जितके छान वाटते तितके ते रोज सुरळीत होत नाही. मुलांसह केलेल्या कामाला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, पुसलेली फरशी पुन्हा पुसावी लागते, आणि घाईच्या सकाळी आम्हीही स्वयंपाकघराचे दार सरळ लावून घेतो. दिवसातले एखादे काम मुलांच्या गतीने झाले तरी पुष्कळ आहे. आपले पान पालकांना यासाठी खरोखर मदत करू शकेल: कोणत्या वयाला कोणते काम पेलते, ते किती वेळ चालते, नंतर किती आवरावे लागते, हे प्रामाणिकपणे लिहिले तर मला ते कोणत्याही कलावस्तूच्या कृतीपेक्षा अधिक उपयोगी पडेल. सध्याच्या कृतींवर 'फक्त १० मिनिटांत' असे छापलेले असते, त्यात गोंद वाळण्याचा आणि जमीन खरवडण्याचा वेळ धरलेला नसतो. शिवाय त्या सगळ्या 'आईंनो' अशी हाक मारून सुरू होतात. बापांना हाक मारली तर आम्हीही येऊ.

एका गोष्टीत मात्र सावकाशपणे चालणार नाही. घोषणेसोबतच्या साहित्याच्या यादीत मणी, बटणे आणि छोट्या विजेरीवर (बॅटरीवर) चालणारे दिवे आहेत, आणि वयोगट दोन वर्षांपासून आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत किती लहान भाग चालतात हे तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असे मानले जाते. मणी आणि बटणे त्यात सहज मावतात. छोट्या दिव्यांतील बटणाच्या आकाराची विजेरी तर याहून घातक आहे, कारण ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर २ तासांतही आतून गंभीर भाजते, आणि सुरुवातीला मुलाला नेमके काय झाले आहे हे बाहेरून कळतही नाही. तशी शंका जरी आली तरी वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे लागते. पीठ आणि मीठ मळून केलेल्या घरगुती मातीची कृतीही त्याच पानावर आहे. तिच्यात मीठ इतके असते की मुलाने तिचे घास घेतले तर ते अपायकारक ठरते, आणि घरी केलेले म्हणजे खाल्ले तरी चालेल असा समज सहज होतो.

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत. स्पर्धा जाहीर झालीच आहे, तर आलेली छायाचित्रे छापावीत, पण क्रमांक लावू नयेत. प्रत्येक छायाचित्राखाली मुलाचे वय आणि 'हे काय आहे' या प्रश्नाला त्याने स्वतः दिलेले उत्तर छापावे, म्हणजे वाकड्या छपराचे घर वाचकांनाही घर म्हणून दिसेल. बक्षिसांची रक्कम ठरलेलीच असेल, तर ती एखाद्या बालवाडीला खडू आणि कागदासाठी, गाजावाजा न करता देता येईल. छायाचित्रे पाठवण्याची मुदत अजून संपलेली नाही आणि अनेक घरांत साहित्याची जमवाजमव चालू असेल, त्यामुळे बाकीच्या सूचनांचा विचार यथावकाश झाला तरी, मणी, बटणे, विजेरीचे दिवे आणि मिठाची माती यांविषयीची दुरुस्ती येत्या रविवारीच, मूळ यादी ज्या जागी छापली होती त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत प्रसिद्ध व्हावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक