यंदा शेत वाट्यानं दिलंय

पुणे

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी तुम्हालाच सांगते. नदीकडचं शेत यंदा काकांच्या थोरल्याला वाट्यानं दिलंय. बी-खत निम्मं-निम्मं, भातही निम्मं-निम्मं. तुम्हाला विचारलं असतं तर "बघूया" म्हणून मिरगाला पुन्हा चिखलात उतरला असता. म्हणून न विचारता बोलून टाकलं आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही.

पण गेल्या आषाढात रोप लावताना मी बघितलंय. बांधावर चढायला गेलात तर उजवा गुडघा वळेना. मांडी दोन्ही हातांनी धरून पाय चिखलातनं उपसलात आणि माझं लक्ष आहे कळल्यावर बांधावरची तूर बघत थांबलात. खानापूरच्या पावसात ओढा भरला की मला खांद्यावर बसवून पलीकडे शाळेला सोडायचात, ते ह्याच गुडघ्यांवर.

शेत विकलेलं नाही. उतारा तुमच्याच नावावर आहे. कुठलं बी धरायचं, पाणी कधी सोडायचं, ते तुम्हीच सांगायचं. तो ऐकतो, मी बजावलंय त्याला.

आता घरचं. सोमवारी गवंडी येतोय, खाली कमोड बसवायला. भिंतीला धरायला दांडीही लावायला सांगितलीय. आई, तुला ते पटायचं नाही, पण उकिडवं बसून उठताना तू भिंतीला नखं रोवतेस. माडीवरची दोन्ही अंथरुणं माजघरात आणवते. खिडकीतनं गोठा दिसतो, रात्री गाय हंबरली तर पडल्या-पडल्या कळेल. तुझी गोधडी मात्र तीच राहू दे.

बाबा, झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, परत येत नाही, पण मांडीचे स्नायू घट्ट झाले की सांध्यावरचा ताण हलका होतो. म्हणून नुसतं बसून राहायचं नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या, गुडघा तिच्यावर दाबून 5 आकडे मोजा, सोडा. असं 10 वेळा, दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. काठी डाव्या हातात धरायची, दुखऱ्या पायाच्या उलट्या बाजूला. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. वजन एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोनं उतरतो, म्हणून रात्रीची दुसरी वाटी भात बंद. आणि बाजारातनं आणलेल्या त्या पुड्या फेकून द्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखायच्या गोळ्याही मनानं रोज नकोत. तुमची रक्तदाबाची गोळी चालू आहे, मूत्रपिंडाला बाधेल.

आई, तुझी बोटं सकाळी आखडतात आणि अर्ध्या तासात सुटतात म्हणतेस. तासभर सुटली नाहीत किंवा सांधे सुजून गरम लागले तर लपवू नकोस. तो वेगळा संधिवात असू शकतो, त्याचं औषध वेगळं आणि ते लवकर सुरू करावं लागतं. उठल्यावर बंबाच्या कोमट पाण्यात हात बुडवून बस. यंदा भांगलणीला जाऊ नकोस, चार बाया लावू. पैसे मी पाठवते.

गणपतीला चार दिवस जास्तीची रजा काढलीय. बाबांना घेऊन शेताकडे जाईन, सावकाश, मधे दोनदा टेकत.

आई, हे पत्र बाबांना जेवण झाल्यावर वाचून दाखव, आधी नको.

तुमची,
ताई