ऐरोलीचं घर गहाण टाकू नका

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री

प्रिय सुजा,

दुपारी तुझा फोन आला तेव्हा मागून काकांचा आवाज येत होता. ‘आमची सुजा डॉक्टर होणार’ असं ते कुणाला तरी सांगत होते. ते ऐकून मला काही बोलवेना. म्हणून आता लिहायला बसले आहे. वाचून झालं की हे पत्र काकांच्याही हातात दे.

तुला इंग्लंडहून पीएचडीच्या प्रवेशाचं पत्र आलंय, विषय तुझ्या आवडीचा आहे, आणि त्यात फंडिंगचा एक शब्द नाही. फी वर्षाला २४ हजार पौंड. तीन वर्षांचे ७२ हजार, म्हणजे पाऊण कोटीच्या वर. राहण्या-खाण्याचं वेगळंच. त्यासाठी काका ऐरोलीचं सिडकोचं घर गहाण ठेवायला निघालेत. सुजा, या पत्राला नाही म्हण.

मास्टर्ससाठी लोक कर्ज काढतात, ते मला समजतं. दीड-दोन वर्षांत कोर्स संपतो, नोकरी लागली की हप्ते सुरू होतात. पण रसायनशास्त्रासारख्या आपल्या विषयांतली पीएचडी म्हणजे तू कुणाच्या तरी लॅबमध्ये रोज सकाळपासून रात्रीपर्यंत राबणार, तुझ्या आकड्यांवर त्यांचे पेपर निघणार. त्या कामाचा पगार तुला मिळायला हवा. शिवाय संशोधन ठरल्या वेळेत संपतंच असं नाही. तीन वर्षांची चार झाली तर चौथ्या वर्षी काकांनी काय विकायचं?

बाबासाहेबांचं आठव. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली कोलंबियाला गेले, तिथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा कुठे १९२० मध्ये पुन्हा जाता आलं. लंडनची डीएस्सी मिळाली १९२३ मध्ये. एवढ्या बुद्धीच्या माणसाची वर्षं पैशाच्या मुदतीपायी गेली, हे मी परदेशात असताना कितीदा मनात घोळवलंय.

आणि याच इंग्लंडात पैसे देणाऱ्या जागाही आहेत. तिथल्या सरकारी संशोधन परिषदांच्या स्टायपेंडच्या जागा २०२१ पासून परदेशी मुलांनाही खुल्या झाल्यात, ३० टक्क्यांपर्यंत. स्पर्धा भयंकर आहे, पण अर्ज तर कर. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीत आपल्याला पीएचडीसाठी जागा आहे का, तेही बघ.

माझं म्हणशील तर जर्मनीत पीएचडी करताना मी आधी नोकर होते, मग विद्यार्थिनी. करार होता, सरकारी वेतनश्रेणीतली ई-१३ ची जागा होती, पण ६५ टक्के. म्हणजे पगार ६५ टक्के आणि काम पूर्ण वेळ; रसायन आणि जीवशास्त्रात तिकडे हे सर्रास चालतं. तरी त्यात माझं भागलं. ट्यूशन फी नव्हती, आरोग्य विमा पगारातूनच जायचा, वर्षाला ३० दिवस हक्काची रजा. बाबांना हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा मी कुणाच्या पाया न पडता तीन आठवडे ठाण्यात येऊन राहिले, ती या कराराची कृपा. नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडनमध्येही पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहिरात देऊन भरतात. ‘युरॅक्सेस’ या युरोपातल्या संशोधनाच्या नोकऱ्यांच्या साइटवर रोज अर्धा तास घाल. युरोपियन युनियनच्या पैशांवर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या जाहिरातीही तिथेच दिसतील. त्यांची एक मुख्य अट अशी, की आधीच्या ३६ महिन्यांत तू त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेली नसावीस. ऐरोलीतून जाणाऱ्याला ती अडचण नाही.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. तुझी पुढली चार-पाच वर्षं गाईड ठरवतो. विद्यापीठाचं नाव नंतर बायोडेटावर शोभतं, पण सोमवारी सकाळी तुझ्यासमोर एक माणूस असतो. मी पहिल्यांदा गेले ती नाव बघून. गाईड मोठे होते, जगभर फिरायचे, आणि माझ्या मेलला सहा-सहा आठवडे उत्तर नसायचं. दीड वर्ष मी एकटीच भिंतीवर डोकं आपटलं. शेवटी लॅब बदलली, विषय पुन्हा पहिल्यापासून. ते दिवस मी तुला तेव्हा सांगितले नाहीत, आईला तर नाहीच. जायच्या आधी त्यांच्या विद्यार्थ्यांशी एकदा बोलले असते तर हे टळलं असतं.

म्हणून कुठूनही होकार आला तरी त्या लॅबमधल्या निदान दोन मुलांशी बोल, आणि लॅब सोडून गेलेल्या एकाशी. मेलवर विचारू नकोस, लेखी कुणी खरं सांगत नाही. व्हिडिओ कॉल लाव. गाईड आठवड्याला भेटतात का? मागच्या पाच वर्षांत किती जणांची पीएचडी झाली, किती जण मधेच सोडून गेले? करार संपला आणि थिसिस राहिला तर पगार कोण देतं? उत्तर देताना कुठे अडखळतात तेही बघ. मला दुसऱ्या लॅबमधली एक मुलगी तिच्या गाईडबाईंबद्दल नुसतं म्हणाली, ‘ती शुक्रवारी आमच्याबरोबर जेवते.’ तेवढ्यावर मी ठरवलं, आणि ते बरोबर निघालं.

प्राध्यापकांना मेल करताना ‘रिस्पेक्टेड सर’ असा एकच मजकूर शंभर जणांना पाठवू नकोस. त्यातल्या कितीतरी बाया असतात. एकेकाचे दोन पेपर नीट वाच, त्यातलं तुला काय खटकलं किंवा पुढे काय करावंसं वाटलं ते दोन ओळींत लिही. तू काय केलंस ते आणखी तीन ओळींत. संपलं. मी २२ मेल केले होते, उत्तरं आली तीन. दहा दिवसांनी एकदा आठवण कर, मग सोडून दे.

एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निवेदनात, ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड’ लिहू नकोस. तुझ्याकडे महापेच्या लॅबमधली चार वर्षं आहेत. मला आलेखातला तो जादाचा पीक आठवतो! नमुन्यातले घटक वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर एका नमुन्यात कायम यायचा, साहेब म्हणायचे लिमिटमध्ये आहे, सोड. आणि तू तीन रविवार जाऊन शोधून काढलंस की तो डब्याच्या झाकणातून येतोय. ते लिही. कंपनीचं आणि मालाचं नाव घेऊ नकोस, पण तू काय धरलं, काय चुकलं, कसं पडताळलं, सगळं लिही. संशोधन करणारं डोकं त्यात दिसतं.

शिफारसपत्रांसाठी तुझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्ट गाईडना आत्ताच भेट, निदान सहा आठवडे हातात ठेव. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं म्हणाले तर हात जोडून नाही म्हण. त्यांना तुझ्या कामाचे मुद्दे एका पानावर दे आणि त्यांच्या शब्दांत लिहायला सांग. कॉलेजच्या ईमेलवरूनच पाठवायला सांग, जीमेलवरून आलेली पत्रं कित्येक ठिकाणी धरत नाहीत.

अमेरिकेचंही डोक्यात असू दे. तिथे पाच-सहा वर्षं लागतात, पहिली एक-दोन वर्षं कोर्स आणि मग क्वालिफायिंग परीक्षा. पण केमिस्ट्रीत पदवीच्या मुलांना शिकवण्याच्या बदल्यात फी माफ आणि स्टायपेंड, अशीच रीत आहे. अर्ज बहुतेक डिसेंबरात बंद होतात. अर्जाची फी जड वाटली तर भरण्याआधी विभागाला मेल करून ती माफ होईल का विचार, पुष्कळ ठिकाणी करतात. फंडिंगसह होकार आला तर बऱ्याच विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत विचार करायला मुभा असते, कुणी घाई केली तरी बिचकू नकोस.

म्हणजे एक वर्ष आणखी जाईल, मला माहीत आहे. तू २८ ची होशील, काकू लग्नाचं काढतील, महापेची बस तीच राहील. मला त्याचं वाईट वाटतं, खरंच. पण ते एक वर्ष मी तुझ्याबरोबर बसायला तयार आहे. दर रविवारी, माझ्या घरी, तुझा एकेक मेल आपण दोघी वाचू.

येत्या रविवारी सकाळी ये. आधी मामलेदारची मिसळ, मग तलावपाळीला एक फेरी, मग घरी. ते प्रवेशाचं पत्र घेऊन ये. नकार देताना त्या प्राध्यापकांना ‘पुढच्या वर्षी फंडिंगची जागा निघाली तर कळवा’ असं विचारता येईल, ते आपण मिळून लिहू. आणि काकांना माझा नमस्कार सांग. घराची कागदपत्रं त्यांनी रविवारपर्यंत तरी बँकेत देऊ नयेत, एवढं माझं ऐका म्हणावं.

तुझीच,
मेधा